वादळी पावसानंतर ओढ्याचे पाणी: गढूळपणा वाढतो, मग क्षार का घटतात?

ओढेकाठचा

नमस्कार.

मी ब्रिस्बेनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. घरामागून वाहणाऱ्या लहान ओढ्याचे पाणी स्थानिक स्वयंसेवकांच्या गटाबरोबर महिन्यातून एकदा मोजण्याचे काम मी गेली दोन वर्षे करीत आहे. तापमान, विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांवरून ठरणारी), गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू एवढ्या चारच गोष्टी आम्ही मोजतो. येथील पावसाचे वेळापत्रक आपल्याकडच्यापेक्षा उलटे आहे. साधारण दिवाळीच्या सुमारास दुपारची गडगडाटी वादळे सुरू होतात, डिसेंबर ते मार्च पावसाचा जोर असतो आणि आपल्याकडे मृग-आर्द्रा बरसतात तेव्हा येथे कोरडा हिवाळा असतो. वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा मोठा वाटा मोजक्या दिवसांत पडून जातो.

या वेळी कुतूहलापोटी मी ठरलेल्या रविवारांखेरीज दोन पावसांच्या आगेमागे मोजणी केली. पहिला नोव्हेंबरातला: दीड महिना कोरडा गेल्यानंतर पाऊण तासात कोसळलेला. दुसरा जानेवारीतला: दोन दिवस संततधार, एकूण पाऊस पहिल्याच्या तिपटीहून अधिक. वहीतल्या नोंदींवरून तीन गोष्टी मला उलगडत नाहीत.

एक म्हणजे, पाऊस कमी असूनही नोव्हेंबरातले पाणी जानेवारीपेक्षा कितीतरी अधिक गढूळ होते. दुसरी, गढूळपणा चढत असतानाच विद्युतवाहकता झपाट्याने खाली आली. कोरड्या दिवसांत ती सहाशे मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते, ती दीडशेवर आली आणि पूर्ववत व्हायला दहा दिवस लागले. तिसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. नोव्हेंबरातल्या वादळाच्या दिवशी प्राणवायू ठीक होता, पण तिसऱ्या दिवशी तो २ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत उतरला आणि डोहातले लहान मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले.

‘पाऊस पडला की घाण वाहून येते’ एवढेच उत्तर आमच्या गटात मिळते. परंतु घाण येते तर सगळेच आकडे वाईट दिशेला, आणि तेही एकाच वेळी, जायला हवेत. शिवाय, वादळातल्या या नोंदी महिन्याच्या सरासरीत धराव्यात की वेगळ्या ठेवाव्यात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

पाणलोट

आपण ओढ्याकडे ‘पाणी’ या एकाच वस्तूच्या दृष्टीने पाहत आहात, म्हणून आकडे विसंगत वाटतात. पावसाच्या दिवशी ओढ्यात किमान तीन निरनिराळी पाणी एकत्र आलेली असतात आणि तासागणिक त्यांचे प्रमाण बदलत असते.

पहिले जमिनीखालून झिरपून येणारे. कोरड्या दिवसांत ओढा वाहतो तो याच झऱ्यांवर. हे पाणी खडकांतून आणि मातीतून महिनोन्महिने मुरत आलेले असल्यामुळे त्यात क्षार विरघळलेले असतात. आपले सहाशे मायक्रोसीमेन्स त्याचेच. दुसरे थेट पृष्ठभागावरून धावणारे: छपरे, डांबरी रस्ते, वाहनतळ, तुडवलेली हिरवळ येथून आलेले. ते जवळजवळ पावसाचेच पाणी असते आणि पावसाच्या पाण्याची विद्युतवाहकता सहसा दहा ते तीस मायक्रोसीमेन्स एवढीच असते. या पाण्यात विरघळलेले क्षार कमी, पण तरंगणारे कण भरपूर. गढूळपणा हा न विरघळलेल्या कणांचा आणि विद्युतवाहकता ही विरघळलेल्या क्षारांची मोजणी, हे एकदा ध्यानात घेतले की एक चढत असताना दुसरी उतरण्यात काहीच नवल उरत नाही. दर पाच-दहा मिनिटांनी मोजले असते तर बहुधा आपल्याला आणखी एक गंमत दिसली असती: उतरण्यापूर्वी विद्युतवाहकता क्षणभर वर उसळते, कारण कोरड्या पात्रात आणि रस्त्यांवर साचलेले क्षार पहिला लोंढा विरघळवून आणतो.

तिसरे पाणी मातीच्या वरच्या थरांतून आडवे सरकत येणारे. ते सर्वांत उशिरा पोहोचते, पूर ओसरू लागल्यावर. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, म्हणून त्याचा मोठा वाटा बऱ्याचदा याच पाण्याबरोबर येतो. स्फुरदाचे उलट. ते बहुतांशी मातीच्या कणांना धरून असते, त्यामुळे गढूळपणाच्या सोबत चढते आणि त्याच्याबरोबरच उतरते. म्हणजे नत्राची आणि स्फुरदाची सर्वांत वाईट वेळ एकाच पुरात वेगवेगळी असू शकते. एकाच बाटलीवरून दोघांविषयी मत बनवणे धोक्याचे.

आता नोव्हेंबर आणि जानेवारी. दीड महिन्याच्या कोरड्या काळात छपरांवरची धूळ, ब्रेक आणि टायर यांची झीज, पक्ष्यांची व कुत्र्यांची विष्ठा, वाळका पाला हे सारे पाणलोटात साचत गेले. पत्र्याच्या छपरांचे जस्तही त्यात आले. पाऊण तासाच्या तडाख्याने हा साठा एका दमात धुऊन काढला. जानेवारीपर्यंत आधीच्या पावसांनी कोठार रिकामे केले होते, आणि उन्हाळी पावसावर गवतही उगवून आले होते. तीव्रतेचाही भाग आहे: पाऊण तासात कोसळणारे टपोरे थेंब माती उखडतात, संततधार तेवढी उखडत नाही. एकूण मिलिमीटर किती यापेक्षा आधी किती दिवस कोरडे गेले आणि पाऊस किती वेगाने पडला, या दोन गोष्टी लहान ओढ्याच्या बाबतीत अधिक बोलतात.

हीच गोष्ट एका पुराच्या आतही घडते. पाण्याची पातळी चढताना अर्ध्या मीटरवर जो गढूळपणा दिसतो, तो पातळी उतरताना त्याच अर्ध्या मीटरवर दिसत नाही; बहुधा पुष्कळ कमी असतो, कारण जवळपासचा सुटा गाळ चढत्या पाण्याने आधीच नेलेला असतो. जेथे गाळाचा स्रोत दूर वरच्या अंगाला असतो तेथे उलटेही घडते. म्हणून आपल्या वहीत ‘पाऊस झाला’ एवढी नोंद पुरेशी नाही. पाणी चढते होते की उतरते, आणि पातळी किती होती, हे प्रत्येक नोंदीपुढे हवे.

---

काळीमाती

वरील विवेचन शहरी ओढ्यापुरते ठीक आहे. परंतु ब्रिस्बेन नदी गढूळ होते ती मुख्यतः शेतीमुळे, असे मला वाटते. ब्रिस्बेनच्या पश्चिमेकडील लॉकियर खोऱ्यात भाजीपाल्याची सघन शेती आहे. नांगरलेल्या शेतातली वरची सुपीक माती पावसाबरोबर वाहून जाते, हे आपण मराठवाड्यात आणि विदर्भात पाहतोच. बांधबंदिस्ती केली की प्रश्न सुटावा.

---

पाणलोट

लॉकियरकडे आपण बोट दाखवले ते योग्यच आहे, पण शेताच्या वरच्या मातीवर ठपका ठेवताना थोडे थांबावे लागेल. १९५० आणि १९६०च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे जगभर सीझियम-१३७ची धूळ पसरली आणि ती मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरांतच अडकून राहिली. त्यामुळे नदीतला गाळ तपासून तो वरच्या मातीतला आहे की खोलवरचा, हे ओळखता येते. आग्नेय क्वीन्सलंडमधील नद्यांच्या गाळात हे सीझियम फारच कमी सापडते. याचा अर्थ बहुतेक गाळ शेतांच्या पृष्ठभागावरून न येता घळींमधून आणि ढासळत्या काठांमधून येतो. काठांवरची झाडी गेल्या दीडशे वर्षांत तोडली गेली, गुरे पाण्यापर्यंत उतरत राहिली, पात्रे खोल आणि रुंद होत गेली. काठ ढासळण्याचा प्रसंग पुष्कळदा पूर ओसरताना येतो: पात्रातले पाणी भराभर उतरते, पण काठाची माती आतून चिंब आणि जड राहिलेली असते. बाहेरून टेकू देणारे पाणी नाहीसे झाल्यावर ती आपल्याच वजनाने कोसळते.

शेताच्या बांधाचे महत्त्व मी नाकारत नाही. मात्र बांध शेतावर आणि गळती काठावर, असे तेथे होते. तेथील उपाय प्रामुख्याने काठावर झाडे लावणे, घळींची डोकी (वरची टोके) बांधणे आणि गुरांना कुंपण घालून पात्राबाहेर पाणी पाजणे, असेच आहेत.

---

निवळीचे बी

मी महाराष्ट्रातील एका जलशुद्धीकरण केंद्रावर बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो. गढूळपणाचा विषय निघाला आहे तर जानेवारी २०१३मध्ये ब्रिस्बेनवर आलेला प्रसंग येथे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या क्षेत्रात त्याची चर्चा पुष्कळ झाली.

ब्रिस्बेनचे पाणी मुख्यतः विव्हेनहो धरणातून येते. परंतु ते नळाने शहरात येत नाही. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच सुमारे ६० किलोमीटर खाली माउंट क्रॉसबी येथील बंधाऱ्यापर्यंत वाहत येते आणि तेथे दोन काठांवरच्या दोन केंद्रांत उचलले जाते. धरण ही खरे तर एक प्रचंड निवळण टाकी असते. वरून कितीही गढूळ पाणी आले तरी गाळ तळाशी बसतो. अडचण अशी की लॉकियर क्रीक नदीला मिळते ती धरणाच्या खाली. तिच्या गाळाला धरणाचा अडसरच नाही. २०११च्या जानेवारीतल्या महापुराने लॉकियरचे काठ ओरबाडून उघडे केले होते. दोन वर्षांनी ओसवाल्ड चक्रीवादळाच्या अवशेषाने पुन्हा तसाच पाऊस पाडला तेव्हा माउंट क्रॉसबीला आलेल्या पाण्याचा गढूळपणा ४,००० एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) वर गेला. केंद्रे थांबवावी लागली आणि शहरावर पाणी जपून वापरण्याची पाळी आली. नदीला पूर आणि नळ कोरडा पडण्याची भीती, दोन्ही एकाच आठवड्यात.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांना वाटेल की तुरटी वाढवली की झाले. तसे नसते. मातीचा कण दोन मायक्रॉनांचा असेल तर स्थिर पाण्यात एक मीटर खाली यायला त्याला सुमारे तीन दिवस लागतात. वीस मायक्रॉनांच्या पोयट्याच्या कणाला तेच अंतर पाऊण तासाचे. म्हणून या बारीक चिकणमातीला गोळा करण्यासाठी तुरटीचा डोस द्यावाच लागतो आणि पुरात तो जार टेस्ट करून (थोड्या पाण्यावर वेगवेगळे डोस आजमावून) तासातासाला बदलावा लागतो. पण तुरटी पाण्यातली अल्कता (आम्लाला थोपवण्याची क्षमता) खाते: एक भाग तुरटीमागे साधारण अर्धा भाग. आणि मूळ प्रश्नात विद्युतवाहकता उतरल्याचे जे लिहिले आहे त्याचा आम्हाला बसणारा फटका हाच. पुराचे पाणी जवळजवळ पावसाचे असल्यामुळे त्यात अल्कताच कमी उरते. डोस वाढवावा तर सामू (पीएच) कोसळतो, सामू कोसळला की गुठळी नीट धरत नाही, मग चुना सोडावा लागतो. तेवढे साधले तरी टाकीच्या तळाशी इतका गाळ जमतो की तो काढणारी यंत्रणा अपुरी पडते आणि वाळूचे गाळणे पुन्हापुन्हा उलटे धुवावे लागते. धुण्यालाही शुद्ध पाणीच लागते! आपल्याकडे भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत हवा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५पर्यंत चालतो. चार हजारांवरून तेथवर यायचे म्हणजे काय, याची कल्पना यावी.

माझी आजी रांजणात निवळीचे बी उगाळून टाकत असे. त्यामागचे तत्त्व हेच आहे, फक्त तिच्या रांजणाला तासाला लाखो लिटर द्यायचे नसत.

---

वळगण

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे पहिला मोठा पाऊस झाला की व्हाळांना (ओढ्यांना) लाल पाणी येते आणि त्या नव्या पाण्यावर मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. चढणीचे मासे पकडायला अख्खा गाव बाहेर पडतो. पहिले पाणी इतके वाईट असेल तर आमचे मासे त्याच पाण्यात अंडी घालायला का चढतात, आणि प्रश्नकर्त्यांचे मासे गुदमरतात का?

---

शेवाळ

प्रश्न अचूक आहे आणि मूळ प्रश्नातल्या तिसऱ्या कोड्याची किल्लीही त्यातच आहे. गढूळपणाने मासे सहसा गुदमरत नाहीत. प्राणवायू खाणारे काही पाण्यात आले आणि पाणी थांबले, तर गुदमरतात. कोकणातला व्हाळ तीव्र उताराचा आहे. पाणी खडकांवर आपटत, हवा मिसळत धावते आणि पहिल्या पावसानंतर दुसरा, तिसरा येतच राहतो. ब्रिस्बेनच्या उपनगरातला ओढा नोव्हेंबरात दोन तास धावतो आणि मग पुन्हा डोहांची माळ होऊन पडतो. वाहून आलेला सगळा पाला, गवताची कातरण आणि विष्ठा त्या डोहांत. तापमान पंचवीस अंशांच्या पुढे. कोमट पाण्यात मुळात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर, ३० अंशांना ७.६. त्याच उबेत जिवाणूंचा कामाचा वेग मात्र वाढतो. त्यांना पाला कुजवायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून प्राणवायूतली घट वादळाच्या दिवशी न दिसता तिसऱ्या दिवशी दिसतो. गढूळ पाण्यात ऊन शिरत नसल्याने शेवाळाकडून दिवसा मिळणारा प्राणवायूही त्या दिवसांत घटतो.

मोठ्या प्रमाणावर हेच पाहायचे असेल तर थोडे दक्षिणेला, न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेतील रिचमंड नदीकडे पाहावे. पुराचे पाणी सखल कुरणांवर काही दिवस उन्हात उभे राहते, गवत त्यात कुजते आणि चहाच्या रंगाचे, प्राणवायू जवळजवळ संपलेले पाणी चर खणून काढलेल्या नाल्यांतून नदीत उतरते. २००१ आणि २००८मध्ये तेथे प्रचंड संख्येने मासे मेले. मेले ते पूर ओसरताना, हे लक्षात घ्यावे. जवळच्या ट्वीड नदीत १९८७मध्ये झालेली माशांची मर मात्र निराळ्या कारणाने होती: निचऱ्यामुळे उघड्या पडलेल्या गंधकयुक्त किनारी मातीतून पावसाने आम्ल धुऊन आणले होते. आपल्या डोंगराकडच्या ओढ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता एक शंका. वादळाच्या दिवशीची मोजणी आणि तिसऱ्या दिवशीची मोजणी आपण कोणत्या वेळी केली होती? डोहातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी तीन-चारला सर्वांत जास्त असतो. वेळा भिन्न असतील तर दोन आकड्यांतला काही फरक पावसाचा नसून घड्याळाचा असेल.

---

ओढेकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वही उघडून पाहिली आणि ओशाळलो. वादळाच्या दिवशीची नोंद संध्याकाळी पाच वाजताची आहे. तिसऱ्या दिवशीची सकाळी सहाची, कारण नंतर कामावर जायचे होते. मासे वर आलेले मी डोळ्यांनी पाहिले, त्यामुळे प्राणवायू खरोखरच उतरला होता यात शंका नाही, पण किती, ते आता सांगता येणार नाही.

दोन प्रश्न उरतात. चढत्या पाण्याचा नमुना घ्यायचा तर वादळात ओढ्याकाठी उभे राहावे लागेल, ते काही मी करणार नाही. आणि पाऊस थांबला की शेजारची मुले त्या पाण्यात खेळायला उतरतात. त्यांना किती दिवस थांबवावे?

---

पाणलोट

पुरात उतरू नयेच. एका भक्कम खांबाला वेगवेगळ्या उंचीवर रिकाम्या बाटल्या बांधाव्यात. प्रत्येकीच्या बुचात दोन वाकड्या नळ्या असाव्यात: एकीतून पाणी आत शिरते, दुसरीतून हवा बाहेर पडते. पाणी त्या उंचीला पोहोचले की ती बाटली भरते आणि नंतर जवळजवळ बंदच राहते. अशा रीतीने चढत्या पुराचे नमुने, प्रत्येकी पातळीसकट, दुसऱ्या दिवशी आयते मिळतात. गढूळपणा आणि स्फुरद यांसाठी ते चालतात. प्राणवायूसाठी आणि जिवाणूंसाठी मात्र अजिबात नाही.

सरासरीविषयी: वादळी नोंदी वेगळ्या ठेवा. महिन्यातला एक रविवार ओढ्याची नेहमीची प्रकृती सांगतो आणि दोन वर्षांच्या त्या नोंदींत वादळे मिसळली तर दोन्हींचा अर्थ जाईल. उलट, ओढ्यातून वर्षभरात किती गाळ खाली गेला हे जर कोणाला काढायचे असेल तर रविवारच्या नोंदींचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, कारण तो गाळ रविवारची वाट न पाहता वर्षातल्या चार-सहा दिवसांत निघून जातो.

मुलांचे: न्यू साउथ वेल्समध्ये मोठ्या पावसानंतर खुल्या समुद्रात एक दिवस आणि खाड्या-नदीमुखांत तीन दिवसांपर्यंत पोहू नये, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. डोहांच्या ओढ्यात मी तीन दिवसांच्याही पुढे, पाणी पुन्हा निवळ दिसेपर्यंत थांबेन. आणि निवळ दिसले म्हणजे जिवाणू गेलेच, असेही समजणार नाही.

---

निवळीचे बी

बाटल्यांना जोड म्हणून एक सांगतो. खुणा बाटलीवर शाईने करू नका, पुरात पुसल्या जातात. काचेवर कोरा किंवा पत्र्याची चकती बांधा. आणि प्रत्येक वादळानंतर नळ्या धुवा. नळीत वाळलेला मागच्या पुराचा चिखल पुढच्या नमुन्यात उतरतो आणि मग दोन-चार महिने माणूस मुळात नसलेल्याच गढूळपणाची कारणे शोधत बसतो. आमच्या केंद्रावर हे घडलेले आहे.